हिरवे असेपर्यंत

काचेच्या घरात पाऊस पडला, तो चुकीचा नळ फिरवल्यामुळे.

ती बुटक्या स्टुलावर बसून कागदी पिशव्यांवर पेन्सिलीने तारखा घालत होती. वरच्या नळ्यांतून एकाएकी बारीक सरी सुरू झाल्या. केस भिजले, मान भिजली, मांडीवरच्या चाळीस पिशव्यांचा लगदा झाला. दाराशी एक उंच माणूस नळाचं चाक हातात धरून उभा होता. चाक निघूनच हातात आलं होतं.

"तुम्ही नवे डॉक्टर ना?"

"हो... पण तापाबिपाचा नव्हे. गव्हाचा."

"ते कळलंच. तापाचा डॉक्टर निदान सांगून सुई टोचतो."

तो हसला. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, तरी पुसायचं त्याला सुचेना. "पिशव्या मी करून देतो," तो म्हणाला.

"येतात?"

"शिकेन की."

शिकवलं तिच्या बाबांनी. तीस वर्षं ते याच काचघरात गव्हाच्या ओंब्यांचा संकर करत होते. डोळे गेले तशी ती त्यांच्या जागी लागली, आणि ते दाराशी बसून नुसत्या बोटांनी पिशव्या चिकटवू लागले. डॉक्टरच्या पहिल्या पिशवीवरून बोट फिरवून ते म्हणाले, "ही पिशवी आहे की टोपी?"

त्या दिवसापासून रोज दुपारी तो शेजारी स्टूल ओढून बसू लागला. काम तिचं, बडबड त्याची. एकदा त्याने तिला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. ओंबी अजून ताटाच्या पोटात असतानाचं तिचं टोक त्याने काचेखाली ठेवलं होतं. दवाच्या थेंबाहून लहान असा तो ठिपका होता.

"हा इथे बसून ठरवतो," तो अगदी हळू म्हणाला, जणू ठिपका ऐकेल. "फांदी व्हायचं की फूल. एकदा फूल झालं की तिथली वाढ संपली. मग दाणा."

"आणि ठरवलंच नाही तर?"

त्याने कुंडीतली एक ओंबी दाखवली. फांदीला फांदी, तिला आणखी फांदी. झाडूसारखी पसरलेली, आणि दाणा एकही नाही.

"तोरा बघा हिचा," ती म्हणाली. "पदरात मात्र काही नाही. अगदी तुमच्या बोलण्यासारखी."

"माझ्या?"

"एक गोष्ट सांगायला निघता. तिला फांदी फुटते, मग तिलाही फुटते... मुद्दा काही येत नाही."

त्याचे कान लाल झाले. बाबांनी मात्र हे दारातून ऐकलं आणि त्याचं नाव 'फांदीवाला' ठेवून टाकलं.

"मग हिचा वंश चालतो कसा?" तिने विचारलं.

"हिच्या बहिणींतून. त्या दिसायला चारचौघींसारख्या असतात, दाणाही धरतात. पण त्यांतल्या काही आत हेच घेऊन असतात. वरून कळत नाही. पेरल्यावर चारांत एखादी अशी निघते, तेव्हा कळतं."

बोलताना तो ओंबीकडे बघत नव्हता. तिने चिमटा उचलला आणि विनाकारण पुसला.

थंडी सरत आली आणि पत्र आलं. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत त्याला पाच वर्षांची जागा मिळत होती. अट एकच होती, याच हंगामात त्या साध्या बहिणींचा संकर करून दाणे बरोबर न्यायचे. दाणे झाले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार आणि तो इथेच आणखी एक वर्ष राहणार. हे सांगायला त्याला पाऊण तास लागला. तिने मधे एकदाही टोकलं नाही.

नेमक्या ओंब्या तयार व्हायच्या वेळी त्याला प्रवासाच्या कागदांसाठी शहरात जावं लागलं. दोन दिवसांसाठी.

"तीस ओंब्या आहेत," तो म्हणाला. "उद्याच त्यांचे पुंकेसर काढावे लागतील. जमेल ना?"

"आजवर पिवळे होऊ दिलेत का मी?"

गव्हाच्या प्रत्येक फुलात तीन पुंकेसर असतात. ते हिरवे असेपर्यंत चिमट्याने काढून घ्यायचे आणि ओंबीवर पिशवी चढवायची, म्हणजे हवा तो पराग नंतर घालता येतो. एक दिवस उशीर झाला की ते पिवळे होतात, आतल्या आत फुटतात, आणि फूल स्वतःच्याच परागाने भरतं. हंगाम गेला.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर बसली. पहिलं फूल उघडलं. तिन्ही हिरवे. ती बघत राहिली. काही करायचं नव्हतं. नुसतं उद्यावर ढकलायचं. ताप आला होता म्हटलं तर कोण विचारणार होतं?

"चिमट्याचा आवाज येत नाही गं," बाबा दारातून म्हणाले.

"डोळ्यात काहीतरी गेलं."

"काचेच्या घरात?"

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "पोरी, माझ्यापायी अडू नकोस. तो नेत असेल तर जा त्याच्याबरोबर."

"आणि तुमचं?"

"माझे हात धड आहेत अजून."

"काल चहात मीठ घातलंत, बाबा."

बाबा हसले नाहीत. तीही हसली नाही. थोड्या वेळाने चिमटा वाजू लागला, आणि दिवस कलेपर्यंत वाजत राहिला. तीस ओंब्यांवर तीस पिशव्या चढल्या. तारीख घालताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

तो परतला तो तिसऱ्या दिवशी दुपारी. पिशवी वर करून त्याने एक फूल उघडलं, मग दुसरं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"वेळेत?"

"हिरवे होते."

तो नुसताच उभा राहिला. मग त्याने पराग घातला, आणि दाणे भरले. उन्हं तापली तेव्हा लहानशा पाकिटात दाणे घेऊन तो निरोपाला आला. बाबांच्या पाया पडला. ती फाटकापर्यंत गेली.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "कागदांचं काम पहिल्याच दिवशी झालं होतं."

"मग?"

"दुसरा दिवस स्टेशनच्या बाकावर बसून काढला. माझ्या मागे... वाटलं, तुझ्या हातून एक दिवस उशीर होईल."

पहिल्यांदाच त्याने तिला 'तू' म्हटलं होतं. तिने फाटकाची कडी घट्ट धरली.

"मला सांगायचंत की."

"सांगितलं असतं तर केला असतास."

"केला असता," ती म्हणाली.

एवढं थोडक्यात तो कधीच बोलला नव्हता.

"येशील?" त्याने विचारलं.

तिने मागे पाहिलं. बाबा दाराशी बसून पिशवीची कड बोटाने चाचपत होते. तो समजला. पाकीट खिशात ठेवून तो वळला, आणि वळणापर्यंत दोनदा थांबला.

पुढच्या हंगामात तिने उरलेल्या साध्या बहिणींचे दाणे एका ओळीत पेरले. कोणी सांगितलं नव्हतं. ओंब्या बाहेर पडल्या तेव्हा बाबा काठी टेकत आले आणि ओळीवरून हात फिरवू लागले. एके ठिकाणी बोटं थांबली.

"ही फांद्यांची आहे गं."

"हो."

"दाणा?"

"नाही धरणार."

"मग ही ओळ कशाला राखतेस?"

तिने त्यांचा हात धरला आणि शेजारच्या साध्या, सरळ ओंबीवर ठेवला.

"हिच्या आतही तेच असेल, बाबा. नुसतं वरून दिसत नाही."

बाबांनी ती ओंबी बराच वेळ धरून ठेवली. मग खिशातून एक पिशवी काढली आणि चाचपडत, नीट, तिच्यावर चढवली.