वाइसाकेची बुडालेली बॅटरी

ओत रे, ओत. अर्ध्या करवंटीनं माझा घसासुद्धा ओला होत नाही. आणि टोमासी, तो मोबाइलचा दिवा विझव आधी. यंगोनाच्या मुळ्यांचं पाणी काय नाकात जाणार आहे तुझ्या? कंदील पुरे.

मघाशी काय विचारत होतास? जुनी बॅटरी उतरली असली तर चार्ज करून चालेल का? चालेल की. पण ती आधी कुणाची होती, ते विचारून घ्यायचं. दात काढू नकोस. इनोके आठवतो ना, माझा पुतण्या, शेडमध्ये गावभरच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा तो? त्याचं सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. जुलै महिना, शनिवार, अमावास्येची रात्र. वाइसाकेला समुद्रानं नेलं, त्याची ती शंभरावी रात्र. रिवाजाप्रमाणे त्याच्यासाठी समुद्र बंद ठेवला होता, कुणी साधा गळ टाकला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो उघडायचा होता. दुपारी लितिआ माझ्या दारात आली, वाइसाकेची बायको. हातगाडीवर बॅटरी. वाइसाकेची बोट खडकांच्या रांगेवर उलटी सापडली, तेव्हा पेटीत बांधलेली ही बॅटरी तेवढी शिल्लक होती.

"काका, इनोकेला सांगा, एवढी चार्ज करून दे. आज रात्री ह्यांचा दिवा मला हिच्यावरच लावायचाय."

इनोके तिचा सख्खा धाकटा भाऊ. घर हाकेच्या अंतरावर. पण तुम्ही शहरात शिकून आलेली पोरं विसरला असाल, आपल्यात मोठी झालेली बहीण भावाशी तोंडावर बोलत नाही. मध्ये माणूस लागतो. तो माणूस मी. गेलो गाडी ढकलत.

बॅटरी बघितली आणि इनोकेचा चेहरा उतरला. मला वाटलं, दाजीची आठवण आली असेल. मीटरच्या दोन्ही पिना लावून त्यानं आकडा बघितला.

"नऊ व्होल्ट. साडेदहाच्या खाली गेली की एखादा सेल मेला समजायचं, काका. त्यात ही समुद्राचं पाणी प्यायलीये. हिच्यात काही राम नाही."

"मग जिवंत कर. तुझी बहीण काय तुझी सबब ऐकायला बसलीये?"

एरवी हा टोला तो परतवल्याशिवाय राहिला नसता. त्या दिवशी सरळ कामाला लागला. झाकणं उघडली, खारं पाणी ओतून टाकलं, नवं ॲसिड भरलं, चार्जर हळू ठेवून चिमटे लावले. मी लितिआकडे गेलो. तिथं चटया पसरल्या होत्या, बायकांनी स्तोत्रं धरली होती. ती पहाटेपर्यंत चालायची. मध्यरात्री गुडघे आखडले म्हणून मी जरा घरी आलो, तर इनोके माझ्या पायरीवर बसलेला. घामानं निथळत होता.

"काका, आकडा उतरतोय."

"काय?"

"चार्जर चालू आहे, ॲसिड बुडबुडतंय, आकडा चढायला पाहिजे. नऊचा आठ झाला. आठाचा सात. मी चिमटे काढले, तरी उतरतोय. आणि काका, तो बोटींशी बोलायचा फळीवरचा रेडिओ... त्याला तार जोडलेली नाही, काही नाही. तो बोलला."

"काय बोलला?"

"म्हणाला, साल्या... स्कोर काय झाला?"

 अख्ख्या गावात त्याला साल्या म्हणणारा एकच माणूस होता.

मग त्यानं सगळं ओकलं. वाइसाके गेला ती रात्र आठवते ना? रग्बीच्या फायनलची. गाव सगळं इनोकेच्या टीव्हीसमोर. त्याची स्वतःची बॅटरी म्हातारी, सामना अर्ध्यावर सोडणारी. आणि वाइसाकेची नवीकोरी बॅटरी शेडमध्ये चार्जिंगला आलेली. ह्यानं ती टीव्हीला जोडली आणि रात्री मासे धरायला निघालेल्या वाइसाकेच्या पेटीत आपली म्हातारी घातली.

"त्याला कळलं नाही?"

"मी चार्जरवरून गरमागरम उतरवून मापून दाखवली. मेलेली बॅटरीपण त्या घटकेला पावणेतेरा दाखवते, काका. तो आकडा खोटा असतो. थोडा वेळ नुसती ठेवायची, मग बल्ब लावून बघायचं, किती दम धरते ते. मला माहीत होतं. दाजी खूश झाला. पाठीत धपाटा घालून म्हणाला, वा रे साल्या! तू मॅच बघ, मला रेडिओवर स्कोर सांग."

तो नखानं पायरी खरवडू लागला. 

"बोल."

"जादा वेळेचा खेळ चालू होता... त्याचा आवाज आला रेडिओवर. दिवा गेला, वारा सुटलाय, किनाऱ्यावर जाळ कर, म्हणाला. पोरं ओरडत होती... मी... मी रेडिओ बारीक केला, काका."

मारावंसं वाटलं मला. खरंच सांगतो, हात उचलला होता मी. स्वतःच्या बहिणीचं कुंकू पुसलं ह्यानं, एका मॅचपायी! पण पुतण्या पडला. मी म्हणालो, "ऊठ. माझ्याकडे माफी मागताना पुढे ठेवायचा व्हेलचा दात आहे. तो घेऊन लितिआपुढे जाऊ. बोलीन मी, तू नुसती मान खाली घालून बस. पण पहाटेच्या आत. समुद्र उघडला की वाइसाकेचं सुतक संपलं, मग त्याची माफी कशी मागणार?"

"ती मला माफ करेल?"

"ते तिचं ती बघेल. तू आधी तोंड दाखव."

मान हलवली त्यानं. म्हणाला, कपडे बदलून येतो. मी दात कापडात गुंडाळून बसलो. बसलो... बसलो. नाही आला तो. शेवटी मीच शेडमध्ये गेलो.

बॅटरी नव्हती. खाली किनाऱ्यावर त्याची बोटही नव्हती. माझ्या ध्यानात आलं. बॅटरी खोल पाण्यात बुडवली की दाजी गप्प बसेल, असं वाटलं असणार गाढवाला. बंद समुद्रात शिरला. त्या रात्री!

बाहेर बघितलं. खडकांच्या रांगेपलीकडे एक दिवा. पांढरा. लखलखीत. इतका की डोळे दिपावेत.

मागे खरखर झाली.

फळीवरचा रेडिओ. तारा सुट्या, खाली लोंबत होत्या...

"काका..."

इनोकेचा आवाज.

"मागे फिर!" मी ओरडलो. "इनोके, मागे फिर!"

"काका, दिवा बंद होत नाही."

"चिमटा काढ त्याचा!"

"लावलेलाच नाही..."

लितिआच्या घरात बायका गात होत्या. मोठ्यानं. मी हाका मारल्या. कुणाला ऐकू जाणार?

"काका... बोटीत कोणीतरी बसलंय."

"कोण?"

...

"कोण, इनोके?"

"स्कोर विचारतोय."

मी म्हणालो, सांग. माफी माग. पाया पड त्याच्या. लेकरा, काहीतरी बोल...

रेडिओ बारीक झाला. कुणीतरी बटण फिरवावं तसा. हळू... हळू... मग काहीच नाही.

आणि दिवा गेला.

पहाटे समुद्र उघडायला सगळं गाव किनाऱ्यावर उतरलं. इनोकेची बोट तिथंच होती, रोजच्या खुंटाला रोजच्यासारखी बांधलेली. आत इनोके नाही. बॅटरी नाही. फळकुटावर त्याचा शर्ट, घडी घातलेला. कोरडा.

मी तो उलगडला. पाठीवर दोन्ही खांद्यांखाली कापड जळालेलं, ॲसिडनं जळतं तसं. शिंतोडे नव्हते. दोन पंजे होते. पाचही बोटं उमटलेली.

मी लितिआला सगळं सांगितलं. ती रडली नाही. शर्टापुढे गुडघ्यावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाशी थेट बोलली. "एक हाक दिली असतीस तर गाव धावलं असतं रे," एवढंच. मग मला म्हणाली, हे माझ्या घरात नको.

म्हणून शर्ट माझ्याकडे आहे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात तीनदा धुतला मी. सोड्यापुढे कुठलं ॲसिड टिकत नाही, हे इनोकेनंच शिकवलं होतं मला. वाळवून पत्र्याच्या पेटीत ठेवला, कुलूप घातलं.

परवा पेटी उघडली. म्हटलं, कसर लागली असेल, ऊन दाखवावं.

पंजे खांद्याखाली नाहीत आता.

वर सरकलेत. अंगठे कॉलरपाशी आलेत, एकमेकांना टेकलेत.