बिल्किसची घट्ट वेणी

बिल्किसची वेणी अजून घट्ट, काळीभोर होती. नेमकं तेच सिस्टर पार्वताबाई गवईंना खुपलं.

अकोला, १९६७. आठ वर्षांच्या बिल्किसला रक्ताचा कर्करोग होता. सदाफुलीतून काढलेलं नवं इंजेक्शन मुंबईहून मागवलं होतं. चार सोमवार टोचून झालं. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक सूत ताणलं जातं. हे औषध ते सूतच धरू देत नाही, असं डॉक्टर सांगत. तरी रक्तातल्या वाईट पेशी वाढतच होत्या. पोरीच्या वाट्याला फार सोमवार उरले नव्हते.

“सिस्टर, सुईनं केस जातात म्हणे. हिचा एक बी गेला नाई,” बाप हुसेन पिंजारी खुशीत म्हणाला.

“पोट साफ होते?”

“रोज सकाळी.”

पार्वताबाई हसल्या नाहीत.

कुप्यांचं कपाट कंपाउंडर चंद्रभानकडे. औषध विरघळवून, सिरिंज भरून तोच डॉक्टरांच्या हाती देई. माणूस इतका चोख, की कापसाचा बोळाही मोजून द्यायचा. अशा माणसांची पार्वताबाईंना धास्तीच.

दुपारी त्या त्याच्या घरी गेल्या. बायको इंदूबाई दारातच बसली होती, पदर कपाळापर्यंत. पोळ्याला तिच्या मानेत गाठी होत्या, आता नव्हत्या. मनगटावर काळी जखम होती.

“हे काय झालं वं?”

“ताकदीची सुई देतात ना हे. एकदा दवा शिरेबाहेर झिरपली. चामडी जळली.”

“वाती नाई वळत आता?”

“बोटं बधिर होऊन राहिली, बाई. रुई हातात हाय का नाई, तेच समजत नाई.”

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत चंद्रभानला बोलावलं.

“मुंबईचा मालच खोटा असंल,” तो म्हणाला.

“माल खरा हाय,” पार्वताबाई म्हणाल्या. “हे औषध केस नेते, पोट बांधते, बोटं बधिर करते, शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळते. बिल्किसले यातलं काहीच नाई. इंदूची बोटं गेली, कातडी जळली, गाठी मात्र विरल्या. पदराखाली केस किती उरले, ते तूच सांग. पोरीच्या सिरिंजमध्ये काय भरत होता?”

चंद्रभान स्टुलावर बसला. “मिठाचं पाणी.”

“कावून?”

“इंदूसाठी मुंबईले मागितलं, तर सहा महिने थांबा म्हणे. गाठी थांबत नोयत्या, बाई. आज तिचं काय?”

डॉक्टरांनी किल्ल्या काढून घेतल्या आणि फौजदाराला फोन लावला. कपाटात एकच कुपी उरली होती.

पार्वताबाईंनी सिरिंज उकळत्या पाण्यात टाकली.

“आधी बिल्किस,” त्या म्हणाल्या.