तारेसाठी राखलेला शब्द

काल दुपारी मला फक्त बर्फ पोचवायचा होता. बर्फाची एक पिशवी आणि उकडलेल्या शेंगांचा पुडा. माझे ड्रम जूनमध्येच वाजवून झाले होते, रेकॉर्डवर आता मामाचा आवाज तेवढा चढवायचा राहिला होता. आवाज घेताना पंखा लावता येत नाही, माईकमध्ये घरघर येते. ऑगस्टमध्ये मिसिसिपीत, पत्र्याखाली, दारं बंद करून गायचं म्हणजे माणूस उकडून निघतो. म्हणून बर्फ.

आम्ही रेकॉर्ड करतो ती जागा म्हणजे जुनं सरकीघर. पूर्वी कापसाच्या जिनमधली सरकी तिथे भरून ठेवायचे. जिन बंद पडून चाळीस वर्षं झाली, तरी भिंतींना तेलाचा खवट वास आहेच. त्यावरूनच आमचा सीडहाउस बँड. तीन रेकॉर्ड निघाल्या. पहिलीत आजोबांची गाणी, दोन दिवसांत उरकलेली. एका गाण्यात त्यांचा खोकलाही तसाच राहिलाय. दुसरीत मामाला चर्च आठवलं, शेजारचा गोरा फिडलवालाही आठवला. तिसरी मात्र लांब लांबच्या लोकांनी मागवून घेतली, आणि ती माझ्या भावामुळे, कॉर्लिसमुळे. पण मासिकवाले विचारायला आले, की तुमच्यावर कुणाकुणाचा प्रभाव, तेव्हा होझिया मामाने टोपी सारखी केली आणि मेलेल्या म्हाताऱ्यांची यादी सांगितली. जिवंत माणसाकडून आपण काही शिकलो, हे आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघत नाही. कॉर्लिस तेव्हा जिवंत होता, एवढीच त्याची चूक.

मार्चपासून तो यादीत बसायला लायक झालाय.

मार्चमध्ये त्याची व्हॅन हायवेवर बंद पडली आणि पहाटे तीनला रस्त्याच्या कडेला त्याला ट्रकने उडवलं. फोनचा चुरा झाला. मामाने चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "पोराने कुणाला साधा फोन केला नाही. प्यायला होता, आणि त्यातून गर्व." आईने खाली मान घालून ते ऐकलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव निघालेलं नाही. त्याचा फोटो तिने भिंतीवरून काढला. मी त्या आठवड्यात सुट्टीवर घरी आले होते, ती कॉलेजला परत गेलेच नाही. कॉर्लिस दारूला शिवत नव्हता हे मी तिला शंभरदा सांगितलं, पण तिच्या लेखी तिचा मोठा भाऊ खोटं बोलूच शकत नाही. मला ही चौथी रेकॉर्ड पुरी करून हवी होती ती आईसाठी. गेल्या नोव्हेंबरमध्ये कॉर्लिसने या रेकॉर्डमधल्या एका गाण्याची गिटार वाजवून ठेवली होती. तिने ती एकदा ऐकावी आणि पोराचं नाव घ्यावं, बस.

ते गाणं आजोबांचं. आमच्या टेकड्यांत गाण्याची एक रीत आहे. गाणाऱ्याने ओळ पुरी करायची नसते. शेवटचा शब्द गिटारच्या तारेसाठी सोडायचा, बाटलीची कापलेली मान बोटात घालून वाजवणाऱ्याने तो तारेवर घसरवत बोलायचा. तोंडाने तो शब्द घेतला तर म्हातारे चक्क टोपी फेकून मारतात. आजोबांची ओळ होती, 'दिवा राहू दे, मी येतोय', आणि पुढचं 'घरी' तारेचं. दोन सूर. वर चढून खाली टेकणारे. कॉर्लिस ते असे वाजवायचा, की माणसाने दारातच बूट काढल्यासारखं वाटावं.

मी पोचले तेव्हा मिस आयडेला टेपच्या यंत्रापाशी बसल्या होत्या. साठीच्या बाई, तीन परगण्यांतल्या चर्चांची गाणी त्यांनीच टेप केलीत, आणि अजून कॉम्प्युटरला हात लावत नाहीत.

"आल्या बघा कॉलेजबाई," मामा माईकमागून म्हणाला. "बर्फ आणायलासुद्धा तीन सेमिस्टरं लागली वाटतं."

"तुझं एक गाणं सकाळपासून होत नाहीय, ते बघ आधी."

"अगं, तोंड किती चालतं पोरीचं!"

"तोंड तिचं चांगलंय, होझिया," मिस आयडेला चष्म्यावरून म्हणाल्या. "तुझं काय झालंय ते सांग. अकरा वेळा गायलास."

"मी बरोबर गातोय. टेपमध्येच खोट आहे."

मिस आयडेलांनी मला जवळ बोलावलं, हेडफोन दिले आणि हळूच म्हणाल्या, "तू ऐक गं. मला वाटलं माझेच कान गेले."

त्यांनी मामाचा शेवटचा, अकरावा टेक लावला. त्याचा तो खरखरीत, लाडावलेला आवाज, दिवा राहू दे, मी येतोय... आणि मग कॉर्लिसची तार. पहिला सूर वर चढला. दुसरा त्याच्याही वर चढला आणि टेकलाच नाही. हवेत तसाच थरथरत राहिला.

ते 'घरी' नव्हतं. ते 'कधी' होतं.

मी दोनदा ऐकलं. पाठीला घाम होता, तो गार झाला.

"कॉर्लिसने असं वाजवलं नव्हतं," मी म्हणाले. "मी तेव्हा त्याच्या शेजारी होते."

"माहितीय मला. मीच टेप केलं ना." त्यांनी मामाचा आवाज बंद करून नुसती गिटार लावली. 'घरी', जसंच्या तसं. मग मला माईकसमोर उभं करून तीच ओळ गाऊन घेतली आणि परत लावली. 'घरी'. मग मामाचा टेक.

कधी...

"गिटारच्या ट्रॅकला मी हातसुद्धा लावलेला नाही," मिस आयडेला म्हणाल्या. "फक्त तू गायलास की हे होतं, होझिया. त्याला तुझ्याकडून काहीतरी हवंय."

"खुळ्यासारखं बोलू नकोस!"

"मग गा ना परत."

तो गायला. आवाज वर लावून, डोळे मिटून. या वेळी मिस आयडेलांनी तार हेडफोनऐवजी खोलीतल्या स्पीकरवर सोडली होती. मामाची ओळ सुटली आणि सरकीघरभर ते दोन सूर चढत गेले. पत्रा कुठेतरी टिणटिणला. बाहेर रातकिडे दुपारचेच ओरडत होते, ते एकदम थांबले.

मामा माईकला धरून उभा होता. त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं, की त्याला तो शब्द सकाळीच ओळखू आला होता. अकरा वेळा तो चुकत नव्हता. अकरा वेळा तो टाळत होता.

"मामा, त्या रात्री मी तुझ्याकडेच होते," मी म्हणाले. "पुढच्या खोलीत, सोफ्यावर. फोन वाजला होता. मी विचारलं कोण, तू म्हणालास राँग नंबर."

"डेसी..."

"किती वाजले होते?"

तो खुर्चीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय तो अगदीच लहान दिसतो.

"एकला दहा कमी," तो म्हणाला. "व्हॅन बंद पडली म्हणाला. मी म्हटलं, येतोय. तिथेच थांब, रस्त्यावरून दिसेल असा उभा राहा... आणि पडून राहिलो."

"का?"

"स्वतःची रेकॉर्ड काढायची म्हणाला होता. माझ्या बापाची गाणी घेऊन. म्हटलं, बसू दे तासभर थंडीत. येईल अक्कल. मग डोळा लागला गं."

मला त्याला मारायचं होतं, खोटं कशाला बोलू. येतोय म्हणाला म्हणून कॉर्लिसने दुसऱ्या कुणालाच फोन केला नाही. दिसेल असा उभा राहा म्हणाला म्हणून तो उभा राहिला. आणि या माणसाने चर्चमध्ये, पांढरा रुमाल खिशात लावून, त्याला दारुडा केलं.

"आईला सांग," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"सांगतो. संध्याकाळी सांगतो."

"आत्ता!"

"श्श..." मिस आयडेलांनी हात वर केला.

टेप चालूच होता. गिटार कधीच संपली होती, पण स्पीकरमधून काहीतरी येत होतं. उघड्यावरचा वारा. लांबून जाणारी एखादी गाडी. आणि त्याच्या मध्ये, संथ, खडीवर आपटणारी टाच. टप्... टप्... मी त्याच्याबरोबर नऊ वर्षं ड्रम वाजवलेत. ती टाच मला कुठेही ओळखू येते. गाडीची, बसची, जेवणाची वाट बघताना तो हाच ठेका धरायचा.

मामा पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत राहिला. दहा मिनिटं. वीस. त्या रिळावर अर्ध्या तासाचा टेप मावतो. तो संपला, टोक सुटलं, रीळ गरगरत फटफट आपटायला लागलं. मिस आयडेलांनी यंत्र बंद केलं.

टाच थांबली नाही.

त्यांनी स्पीकरची वायर हातात घेतली आणि मामाकडे बघितलं. तो नाही म्हणाला. "राहू दे, आयडेला. तो अजून थांबलाय."

आम्ही सगळं ऐकलं. दोन तास दहा मिनिटं. मध्ये तो एकदा शिंकला. एकदा स्वतःशीच गुणगुणला. एकदा एक गाडी हळू झाली, टाच थांबली, गाडी निघून गेली, पुन्हा टप् टप्. मामाच्या नाकातून पाणी गळत होतं आणि तो पुसत नव्हता. शेवटी शेवटी माझी नजर घड्याळावरून हटेना. ट्रकचा आवाज येणार, या भीतीने मी कानांवर हात धरले, आणि तरी ऐकत राहिले.

ट्रक आला नाही. खडीवरून चालत येणारी पावलं आली. जड, डावा पाय किंचित ओढणारी.

टाच थांबली. आणि कॉर्लिस, थंडीने दात वाजत असलेला, हसत, अगदी लहान असताना हसायचा तसा हसत म्हणाला, "आलास, मामा?"

"आलो," मामाचा आवाज म्हणाला. "चल."

मामा माझ्यासमोर बसला होता. त्याचे ओठ मिटलेले होते. दोघं काहीतरी बोलत, खडीवर पावलं वाजवत लांब गेले, आणि स्पीकर मुका झाला.

"मी गेलो नव्हतो," मामा म्हणाला. मग उभा राहिला, डावा पाय जरासा ओढत माझ्याजवळ आला. "डेसी, मी गेलो नव्हतो गं. आईची शपथ."

"माहितीय," मी म्हणाले. त्या रात्री त्याची गाडी माझ्या सोफ्यामागच्या खिडकीखाली उभी होती. सकाळी तिच्या टपावर दव तसंच होतं.

मी आणि मामा चालतच आमच्या घरी निघालो. अर्धा मैल. सूर्य कलला होता, पण ऊन होतं. मामा वाटेत तीनदा थांबला. काय सांगायचं ते पुटपुटत होता, शब्द जुळवत होता. शेवटपर्यंत त्याला तेच पडलेलं, आपण सांगताना कसे दिसू.

आई ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिने वर बघितलं. तिचे डोळे रडून सुजले होते, आणि चेहरा मात्र मार्चपासून प्रथमच सैल होता.

"काय विसरलास?" तिने मामाला विचारलं.

"व्हर्लीन, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"किती वेळा सांगशील? मघाशी सांगितलंस ना सगळं. फोनचं, आणि चर्चमध्ये बोललास त्याचं. बस आता. मी रागावले नाही, असं नाही. पण तू गुडघ्यावर बसून रडलास, होझिया. आपले वडील गेले तेव्हाही तू रडला नव्हतास." तिने त्याचा हात हातात घेतला आणि थोडा वेळ धरून ठेवला. "आता गरम आहे. मघाशी केवढा गार होता, एवढ्या उन्हात."

मामाने तो हात उलटसुलट करून बघितला.

"अजून काय बोलला तो, आई?" मी विचारलं.

"तो काय म्हणतेस, मामा समोर उभा असताना? माझ्यासमोर तरी नीट बोल." तिने टोपलीतल्या शेंगा सारख्या केल्या. "म्हणाला, कॉर्लिसला एकटं वाटतंय. रविवारी चर्च सुटलं की न्यायला येतो, तयार राहा. मी पांढरा ड्रेस काढून ठेवलाय. इस्त्री तेवढी करून दे मला."

पाच महिन्यांनी तिने त्याचं नाव घेतलं. मला तेच हवं होतं.

ड्रेस मी लपवून ठेवलाय. आज शनिवार. मामा सकाळी येऊन गेला, दाढी न केलेला, टोपी न घातलेला. उद्या उजाडल्यापासून ओसरीवर बसतो म्हणाला, कोण येतं ते बघतो, आईला कुठे जाऊ देणार नाही. त्याला सांगितलंय, पहाटे पाच वाजता दार वाजव, मी उघडते.

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पाच वाजता दार वाजेल, बाहेरून मामाच्या आवाजात कुणीतरी म्हणेल, "आलो." आणि त्या दोन मामांपैकी आजवर वेळेवर आलाय तो एकच.