ऊन दाखवलेले बोल्ट

तुटलेल्या बोल्टचा छेद डॉ. मृणाल केंकरे यांनी तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पोलाद कुठेही ताणले गेले नव्हते. त्याचे कण भाजलेल्या रव्यासारखे सुटे झाले होते. वरचा निकेलचा थर मात्र आरशासारखा शाबूत होता.

बोल्ट पंपघरातला होता. त्या खेपेचे बाकीचे बोल्ट चांद्रवसाहतीत दोनच ठिकाणी बसवले होते: पृष्ठभागावरच्या निवासी घुमटात आणि जमिनीखालच्या दीपदालनाच्या पोलादी झाकणात. घुमटात सर्वाधिक होते, म्हणून मृणालनी सकाळीच तो रिकामा करवला. तीनशे बारा माणसे दीपदालनात उतरली. घुमटाच्या बोल्टवर ताण राहू नये म्हणून तिथली हवाही उपसून खाली सोडली.

बोल्टांवर निकेल चढवणाऱ्या विलेपनशाळेचा प्रमुख सुबोध घाडी समोर उभा होता. तो इथेच, वसाहतीत जन्मलेला.

"निकेलच्या द्रावणात बोल्ट टांगून वीज सोडलीस, की निकेल वर बसतो आणि थोडा हायड्रोजन पोलादात शिरतो," मृणाल म्हणाल्या. "बोल्ट आवळला की हा हायड्रोजन ताणाच्या जागी गोळा होतो. महिने जातील, पण बोल्ट तुटतो. म्हणून आवळण्याआधी तापवून हायड्रोजन बाहेर काढायचा. या खेपेला तापवले होते?"

"हो, मॅडम. परबकाकांनी लिहून ठेवलंय तसंच केलं."

त्याने कृतिपत्रिका पुढे केली. शेवटची पायरी परबकाकांच्या अक्षरात होती: 'मग ऊन दाखवणे.' खाली सुबोधची सही.

"म्हणजे नक्की काय केलंस?"

दोन दिवस दीपदालनात दिव्यांखाली टांगले, असे त्याने सांगितले. लोक हसले होते. बोल्टांनाही जीवनसत्त्व देतोस का, असे विचारत होते.

मृणालनी ती ओळ पुन्हा वाचली. सुबोधच्या आधीचे प्रमुख परब सावंतवाडीचे. गावाकडे पापडांना, गाद्यांना ऊन दाखवतात, म्हणून दोनशे अंशांच्या भट्टीला ते कौतुकाने 'ऊन' म्हणत. जिवंत असेपर्यंत हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिले नव्हते. सुबोधची ही पहिलीच खेप. त्याच्यासाठी ऊन म्हणजे दीपदालनातले दिवे. इथले प्रत्येक मूल रोज तासभर त्यांच्याखाली बसते. तिथे तापमान तीस अंश असते.

मृणालनी ही चूक समजावल्यावर सुबोध खुर्चीवर बसला. बोल्ट आता तापवता येतील का, असे त्याने विचारले. एकदा तडे सुरू झाले की उपयोग नसतो, असे मृणालनी सांगितले. मग घुमटाचे बोल्ट किती दिवस टिकतील याचे गणित त्या मांडू लागल्या आणि तिसऱ्या ओळीवर थांबल्या.

"घुमटाचा सांगाडा उभा केल्यावर हवा कधी भरली?"

"चौदा दिवसांनी. तेव्हाच बोल्ट आवळले. तोवर सगळं उन्हात... म्हणजे बाहेरच्या उन्हात उघडं होतं."

"चकचकीत निकेल उष्णता घेतो थोडी, पण परत टाकतो त्याहून कमी. बाहेर हवा नाही, वारा नाही. तो तापतच जातो. दीडशे अंशांच्या पुढे. चौदा दिवस भट्टीत ठेवल्यासारखंच."

"म्हणजे घुमट चांगला आहे," सुबोध म्हणाला. त्याचा चेहरा सैलावला. मग मृणाल दीपदालनाच्या नकाशाकडे पाहत आहेत हे त्याला दिसले.

"घुमटाची हवा मी दीपदालनात भरली," त्या म्हणाल्या. "झाकणावरचा दाब दीडपट झालाय. आणि तिथल्या बोल्टांनी बाहेरचं ऊन कधी पाहिलेलंच नाही."

त्यांनी पंप उलटे फिरवले. घुमट श्वास घेण्याजोगा व्हायला नऊ तास लागणार होते. अंतराळपोशाख बावीसच होते. सुबोध उठला. त्याची मुलगी रेणू खाली होती.

"तू इथं थांबून पंप सांभाळ."

"पंप चालवणं तुम्हालाही येतं, मॅडम."

सुबोध खाली उतरला तेव्हा दालनात लोक सतरंज्या टाकून जेवायला बसले होते. काही जण कॅरम खेळत होते. सुबोधने रेणूला शोधले आणि वर पाहिले. झाकणाच्या कडेने चाळीस बोल्ट. त्याने ते सगळे मोजले. काही बोललो तर तीनशे माणसे एकाच दाराकडे धावतील, हे त्याला ठाऊक होते.

पहिल्या तासाच्या शेवटी वरून टक् असा आवाज झाला. काहीतरी चमकत, चंद्रावर पडते तसे सावकाश खाली आले आणि एका ताटात पडले. कुणाचा तरी चमचा, म्हणून लोक हसले. रेणूने ते उचलले, फ्रॉकला पुसले आणि बापाकडे आणून दिले.

"बाबा, हे तुमच्या इथलं ना? किती गुळगुळीत आहे."

त्याने हो म्हटले, तिला मांडीवर घेतले आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली.