प्रतिसाद नाही

निवड समितीवाल्यांनो, तुम्ही एका मेलेल्या मुलीचं नाव ‘प्रतिसाद नाही’ म्हणून खोडलंत.

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीसोबत घडलंय. एका रविवारी, भर दुपारी साडेतीनला, जेवणाच्या टेबलावर.

ताई एका खुल्या सॉफ्टवेअरचं काम बघते. ज्यांना दिसत नाही त्यांना ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. कुणीही फुकट वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. दरवर्षी त्यासाठी विद्यार्थी निवडायचे, हाताला धरून शिकवायचं. समितीचा नियम एकच. मेलला अठ्ठेचाळीस तासांत उत्तर नाही, तर नाव बाद.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. टोपणनाव ‘स्वल्पविराम’.

“ताई, हे वाचतं की पळतं? मागे कुत्रं लागल्यासारखं! तीन टिंबं आली की श्वास घ्यायला लावते त्याला.”

तिने तसा कोड लिहूनही पाठवला.

“आधी निवड होऊ दे, मग जोडू,” ताई म्हणाली.

मग निवडीची मेल गेली, पण स्वल्पविरामचं उत्तर आलं नाही.

ताईने तिच्या नावापुढे शेरा मारला. प्रतिसाद नाही. तुम्ही नाव खोडलंत.

महिन्याने कळलं... मेल गेली त्याच्या आदल्याच दिवशी ती अपघातात गेली होती.

कोड तसाच पडून राहिला.

यंदा एक मुलगा दोन दिवस गप्प होता. यादी त्या रविवारी संध्याकाळी पाचला पाठवायची होती.

“मार तो शेरा आणि ऊठ,” भाऊजी ओरडले. “चहाची पार वाट लागली!”

ताईने शेरा मारला. सवयीने यादी सॉफ्टवेअरकडून वाचून घेतली.

त्या मुलाचं नाव आलं.

आणि... श्वास.

माणसाचा. आत घेतलेला. सोडलेला नाही.

ताईने आवाज बंद केला.

पुन्हा... श्वास.

तिने घाईघाईने तपासलं. स्वल्पविरामचा कोड जोडलेला नव्हता. यादीत तीन टिंबंही नव्हती.

मग त्याच सपाट यांत्रिक आवाजात, पडद्यावर नसलेली एक ओळ...

“ताई... फोन लावला?”

“कोण बोललं गं?” भाऊजी दारातच थिजले.

ताईने मुलाचा नंबर लावला. त्याच्या आईने उचलला.

“दवाखान्यात आहे हो तो. ताप उतरतच नाही. शुद्धीवर आला की एकच विचारतो, ताईंची मेल आली का?”

ताईने शेरा खोडला. खुलासा लिहिला. यादी पाठवली.

तुम्ही शेरा पुन्हा मारलात. नियम म्हणे!

ताईने तुम्हाला पत्र पाठवलं. मुलगा जिवंत आहे, त्याची जागा त्याला द्या. पत्राला आज नऊ दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. ताईचं कशात लक्ष नाही. सॉफ्टवेअर काहीही वाचू दे, शेवटी ते येतंच...

श्वास घेतल्याचा आवाज. सोडल्याचा नाही.

बोला. त्या मुलाला घेणार की नाही? की अठ्ठेचाळीस तास फक्त पोरांनाच?