रेघ अजून कोरडीच!

“सुट्टी! सुट्टी! सुट्टी!” दहा वर्षांचा बास्ट्यन जिन्याच्या सोळाही पायऱ्या धडाधड चढून वर आला. “शाळेचा निरोप आलाय! वादळ जाईपर्यंत शाळा बंद!”

“हळू! पापा आत्ताच टेकलेत,” त्याची तेरा वर्षांची बहीण ओडेट दबक्या आवाजात त्याच्यावर खेकसली.

पापा टेकले होते खरे, पण ओट्यावरच्या खुर्चीत, मांडीवर हातोडी ठेवून! दोन दिवस आणि दोन रात्री खपून त्यांनी आपली बोट खाडीतून वर नेली होती, पूर अडवणाऱ्या दरवाजाच्या आत झाडांना बांधली होती. मग शेजाऱ्यांच्या चार बोटी बांधल्या. आता घराच्या खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या होत्या. तीन खिडक्या झाल्या आणि चौथीला त्यांचे डोळेच मिटले.

आई दारात उभी होती. तिच्या हातात रिकामी बॅग होती.

“लेस्टर, एकदा काय ते सांग. फळ्या ठोकायच्या की बॅगा भरायच्या? दोन्ही करायला मला चार हात नाहीत.”

“रेघ काय म्हणते?” पापांनी डोळे न उघडताच विचारलं.

“कोरडी आहे म्हणे.”

“मग फळ्या.”

“टीव्हीवर तर सांगतायत, सगळ्यांनी निघा...”

“जूनमध्येही सांगितलं होतं. जुलैमध्येही सांगितलं होतं.” पापांनी आता एक डोळा उघडला. “दोन्ही वेळा रेघ कोरडी असतानाच गेलो. एका खोलीत आजीसकट पाच माणसं आणि कुत्रा! वादळ गेलं भलतीकडे आणि आपण परत आलो ते गाडीतच सडलेल्या मासळीचा फ्रीझर धुवायला. मी दमलोय, व्हर्ना. मी नाही जाणार.”

आईने बॅग तशीच पलंगाखाली ढकलली. तीही दमलीच होती. खरं सांगायचं तर त्या ऑगस्टमध्ये सगळं पॉइंट फेरॅ दमलेलं होतं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या अगदी टोकाला, जिथे जमीन संपून नुसतं गवत आणि पाणी सुरू होतं, तिथे आमची एक्केचाळीस घरं खांबांवर उभी आहेत. बाहेर पडायला एकच रस्ता. टीव्हीवरच्या माणसाने कितीही घसा कोरडा केला, तरी आमच्याकडे शेवटचा शब्द असतो तो धक्क्यावरच्या पाटीचा. धक्क्याच्या खांबावर ती ठोकलेली आहे आणि तिच्या मधोमध एक लाल रेघ आहे. पाणी रेघेला लागलं, की निघायचं. कारण तेव्हाही वळणावरचा सखल रस्ता पाण्याच्या फूटभर वर असतो आणि सगळं गाव आरामात बाहेर पडतं. पाटी वाचायचा मान फेलिसियन नॉन्कचा. नॉन्क म्हणजे काका. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. त्यांनी आपला फ्रीझर गाडीत चढवला, की बाकीचे आपापले फ्रीझर चढवायला धावत. आज त्यांचा फ्रीझर जागचा हलला नव्हता.

“चल ना, खेकडे पकडायला जाऊ,” बास्ट्यन ओडेटला म्हणाला. “सुट्टी आहे!”

“वादळ उद्या पहाटे येतंय आणि याला खेकडे हवेत!”

“वादळ उद्या आहे. खेकडे आज आहेत!”

दोघं निघाली. वाटेत थुई भेटली. थुई ओडेटच्या वर्गातली. तिचे वडील, म्हणजे तिचे बा, धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. तिच्याही घरी बॅगा पलंगाखालीच होत्या.

वळणापाशी पोचल्यावर बास्ट्यन थबकला.

“माझी जागा कुठे गेली?”

रस्त्याखालून पाणी जायला सिमेंटचा एक जाड नळ होता. त्याच्या तोंडावर बसून बास्ट्यन रोज गळ टाकायचा. आज तिथे नुसतं गढूळ पाणी चुळबुळत होतं. नळ दिसतच नव्हता!

“वारा पाणी आत ढकलतोय,” थुई म्हणाली. “पण एवढं?”

ओडेटने काठावरची एक वेताची काठी उचलली, रस्त्याच्या कडेला लावली आणि पाण्यापर्यंत मोजलं.

“फूटभर. जेमतेम.”

“तर मग रेघ भिजली असणार!” बास्ट्यन ओरडला.

“आई म्हणाली कोरडी आहे.”

“मग आई तरी चुकली, नाहीतर पाणी तरी!”

“पाणी कसं चुकेल, ढब्बू?” थुई म्हणाली आणि तिघंही धक्क्याकडे पळत सुटली.

धक्क्यावरच्या दुकानात फेलिसियन नॉन्क तिघांबरोबर पत्ते खेळत होते. पोरांनी बाहेरच धक्क्यावरून खाली वाकून पाहिलं. पाटी होती तिथेच होती. लाल रेघ पाण्याच्या चांगली दोन फूट वर आणि ठणठणीत कोरडी.

“म्हणजे वळणावर तीन फूट असायला हवेत,” ओडेट पुटपुटली. “दोन कुठे गेले?”

थुई धक्क्याची शिडी उतरून पाण्याशी गेली आणि वाकून खांबाकडे बघत राहिली. तिची वेणी पाण्यात बुडाली.

“ओडेट, पाटीच्या खालच्या कडेला दोन भोकं आहेत. खिळ्यांची. जुनी आहेत, गंजलेली.” तिने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि चाचपडलं. “आणि इथे, पाण्याखाली, अजून दोन!”

“चार खिळे, चार भोकं,” ओडेट सावकाश म्हणाली. तिचा चेहरा उतरला. “पाटी आधी खाली होती. दोन फूट खाली.”

“मग वर कुणी नेली?” बास्ट्यनने विचारलं.

ओडेटने वरच्या फळीकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीच्या वादळाने धक्का मोडला होता. गेल्या हिवाळ्यात तो त्याच जुन्या खांबांवर पुन्हा बांधला, तेव्हा पुढच्या वेळी वाचावा म्हणून दोन फूट उंच केला. पाटी ठोकायचं काम सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत दमलेल्या माणसाकडे आलं. ‘धक्क्याच्या फळीखाली चार वीत,’ असं म्हणत पापांनी नेहमीसारखं मोजलं आणि ठोकली. फळीच वर गेली आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही! आणि त्यांना एकेक खिळा देत होती ती ओडेटच.

“म्हणजे खरी रेघ...” थुईने पाण्याकडे बोट दाखवलं. “खरी रेघ आत्ता भिजतेय!”

तिघं दुकानात घुसली.

“नॉन्क! पाटी चुकीची आहे!”

“शू! मी जिंकतोय,” नॉन्क म्हणाले. हातातल्या पत्त्यांवरून त्यांची नजर हलली नाही.

“नॉन्क, खरंच! पाटी दोन फूट वर ठोकली गेलीय! खाली जुनी भोकं आहेत!”

“पोरी, ती पाटी माझ्या बापाने रंगवली. तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून ती बरोबर आहे.”

“रंगवली बरोबर, पण ठोकली...”

“ओडेट,” नॉन्कनी पत्ते खाली ठेवले. त्यांचे डोळे लाल झाले होते. “दोन रात्री मी बोटी बांधल्या. यंदा दोनदा पळालो. आता मला तिसऱ्यांदा पळायला लावायचं असेल, तर भोकं दाखवू नका. पाणी दाखवा. जा, खेळा!”

बाकीचे तिघे हसले. तेही दमलेलं हसू होतं. दमलेल्या माणसाला समजावणं आणि झोपलेल्या बैलाला ओढणं सारखंच!

बाहेर येऊन बास्ट्यनने डोकं खाजवलं. “पाणी दाखवा म्हणाले ना? मग दाखवू!”

“खुर्चीतून उठले तर दाखवशील!”

“नॉन्क कशासाठी उठतात?” बास्ट्यनने डोळे मिचकावले. “कोळंबीसाठी!”

“म्हणजे खोटं बोलायचं?” ओडेट म्हणाली.

“खोटं कशाला? वळणावर रस्त्याकडेच्या चरात खाडीचं पाणी आलंय,” थुई म्हणाली. “त्याच्याबरोबर कोळंबी आलीच असेल. आपण नीट पाहिलं नाही, एवढंच!”

बास्ट्यनने दुकानाचं दार ढकललं आणि जोरात आरोळी ठोकली, “वळणावरच्या चरात कोळंबी उड्या मारतेय!”

खुर्च्या धडाधड मागे सरकल्या. जिंकत असलेले पत्ते टेबलावर पालथे पडले. बोटी बांधून ठेवल्यात, जाळी गुंडाळून ठेवलीत आणि कोळंबी आपण होऊन रस्त्याशी आलीय? आमच्या गावातला माणूस मरायला टेकला असता, तरी यासाठी उठला असता. नॉन्कनी हाताने फेकायचं जाळं गाडीत टाकलं, पोरांना मागच्या हौद्यात घेतलं आणि गाडी पिटाळली. मागोमाग दुसरी गाडी निघाली.

वळणावर नॉन्क उतरले. त्यांनी जाळं खांद्यावर टाकलं, दातात त्याची कड धरली आणि चरात पाऊल टाकलं. पाऊल खाली जातच राहिलं. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला, मग कमरेला.

ते तसेच उभे राहिले. जाळं फेकलंच नाही. कडेच्या गवतात खरंच दोन-चार कोळंब्या टणटण उडत होत्या, पण नॉन्क रस्त्याकडे बघत होते.

“नॉन्क,” ओडेटने हळूच विचारलं, “रेघ भिजते तेव्हा इथे किती उरतं?”

“फूटभर.”

“तासाभरापूर्वी फूटभर होतं. आता मोजा ना.”

नॉन्कनी रस्त्याच्या कडेला हात लावला. अंगठा रस्त्यावर, करंगळी पाण्यात! वीतभरही नव्हतं.

“पाटी कुणी ठोकली?” त्यांनी विचारलं. रागावून नाही, अगदी हळू आवाजात.

ओडेटने वळून पाहिलं. मागे तीन माणसं उभी होती. “पापांनी,” ती म्हणाली. “खिळे मी दिले होते.”

नॉन्क चरातून बाहेर आले. त्यांच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. “आणि रोज सकाळी ती वाचत होतो मी,” ते म्हणाले. “धक्का उंच करा, असं ओरडणाराही मीच! चला. आधी फ्रीझर!”

पुढची दहा मिनिटं बघण्यासारखी होती. नॉन्कचा फ्रीझर गाडीत चढताना समोरच्या घराने पाहिला. समोरच्याने आपला चढवला, तो शेजारच्याने पाहिला. कुणी काही विचारलं नाही. थुईचे बा तिन्ही बॅगा एकदम उचलून जिना उतरले. गावभर दारं आपटू लागली, कुत्री भुंकू लागली.

ओडेट धावत घरी आली. पापा अजून खुर्चीतच होते.

“पापा, उठा. निघायचंय.”

“नाही म्हणालो ना, बाळा.”

“पापा, धक्का दोन फूट वर गेला, तेव्हा आपण पाटी फळीपासून मोजली. पाटीही वर गेली. वळणावर वीतभर रस्ता उरलाय.”

पापांनी डोळे उघडले. मग मांडीवरच्या हातोडीकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली.

“आपण नाही,” ते म्हणाले. “मी मोजली. तू फक्त खिळे दिलेस.”

मग उठले. गुडघे करकरले, पाठ वाकलेलीच राहिली. पण त्यांनी आतल्या खोलीतून आजीला खुर्चीसकट उचललं आणि सोळा पायऱ्या एका दमात उतरले. आई पलंगाखालची बॅग ओढत म्हणाली, “यात मोजेसुद्धा नाहीत!” पण तीही थांबली नाही.

ओडेटची गाडी शेवटून दुसरी होती. वळणावर रस्ता दिसत नव्हता. चाकं चार बोटं पाण्यात होती. पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत पापा इंच इंच पुढे जात होते. आजी जपमाळ ओढत होती. बास्ट्यनची बडबड पहिल्यांदाच बंद पडली होती. मागून नॉन्कची गाडी येत होती. सगळे बाहेर पडल्याशिवाय ते निघणार नव्हते. ती गाडी पाण्यातून वर आली, तेव्हा ओडेटने मागच्या काचेतून पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उत्तरेकडच्या गावातल्या शाळेतल्या खेळाच्या हॉलमध्ये, खाटांच्या रांगांमध्ये बातमी आली. वळणावरचा रस्ता संध्याकाळी चारला गाडी जाणार नाही इतका बुडाला होता. पाणी पाटीवरच्या रेघेला लागलं असणार ते रात्री नऊच्या सुमाराला. घरं किती उरली ते अजून कळलं नव्हतं. पण एक्केचाळीस घरांतली माणसं मोजून झाली होती आणि सगळी भरली!

फेलिसियन नॉन्क एका खुर्चीवर चढले. “ऐका रे! काल मी या तिघांना ‘जा, खेळा’ म्हणालो. ही खेळली नाहीत, म्हणून आपण इथे बसून बेचव कॉफी पितोय! टाळ्या वाजवा. जोरात! झोपलेल्यांनाही उठवा!”

टाळ्या वाजल्या. थुईच्या बांनी तर शिट्टी मारली. बास्ट्यनने राजासारखी मान झुकवली आणि खाटेवरून खाली पडला.

टाळ्या थांबल्यावर पापा उठले. “पाटी मी ठोकली होती,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “चूक माझी.” एका म्हाताऱ्याने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. पापा बसले.

ओडेट त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “पापा, पाटी नीट असती, पण तुम्ही असेच दमलेले असता, तर?”

पापांनी तिला जवळ ओढलं.

“पुढच्या वेळीही मी दमलेलाच असणार,” ते म्हणाले. “तेव्हा मला विचारत बसू नका, पोरांनो. सरळ गाडीत घाला.”