अनुयाने विकायला सांगितलं होतं

पनवेलच्या त्या शेअर दलालाच्या ऑफिसात प्रितम शिरला तो चुकून. जायचं होतं वरच्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरकडे. पण समोरच्या मुलीच्या स्क्रीनवर 'मार्गवेध' हे नाव दिसलं आणि सुजलेला गाल धरून तो तिथेच थबकला.

"हा शेअर आमच्या घरात हाय," तो म्हणाला.

"मग दातापेक्षा तोच जास्त दुखेल," अनुया म्हणाली. कंपन्या तपासून मत देणं हे तिचं काम, आणि फटकळपणा हा जुना आजार.

तो हसला... आणि कळवळला. तरी खुर्ची ओढून बसलाच.

मार्गवेध ही छोटी सॉफ्टवेअर कंपनी. ट्रक कुठे पोचला ते मोबाइलवर दाखवणारी. प्रितमच्या वडिलांनी, काशीराम आबांनी, आणि तिघा चुलत्यांनी संपादित जमिनीच्या बदल्यात सरकारकडून मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून सगळा पैसा तिच्यात घातला होता. पैसा सामाईक, चौघांचं एकमत झाल्याशिवाय एक शेअर हलायचा नाही. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या गावच्या प्रत्येक ट्रेलरमध्ये कंपनीचा ठावठिकाणा कळवणारा डबा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. शिवाय भाव आठ महिन्यांत पाचपट!

"डब्याचे किती दिलेत?" तिने विचारलं.

"फुकट बसवून गेले ना!"

अनुयाने स्क्रीनकडे पाहिलं. कंपनीच्या अहवालात तेच डबे विकलेले दाखवले होते.

पुढचे दोन शनिवार ती त्याच्या बाइकवर मागे बसून द्रोणागिरीची कंटेनर यार्डं हिंडली. ड्रायव्हर एकच सांगत — फुकटचा डबा, कधीचाच बंद पडलाय.

"तुमी चहा घेणार, का नुसतं डोकंच खाणार लोकांचं?"

"आधी चहा. मग तुझं."

तिच्या केसांत धूळ बसली होती. ती झटकायला त्याने हात पुढे केला... आणि मागे घेतला. का घेतला मागे, म्हणून ती मनातल्या मनात चिडली.

"विका," ती म्हणाली. "सोमवारीच. अजून घेणारे आहेत."

त्यानंतर प्रितम आला तो दोन महिन्यांनी. शेअर रोज सकाळी कोसळत होता आणि घ्यायला कुणी नव्हतं. जिन्याखाली उभ्या असलेल्या प्रितमचा चेहरा पार उतरला होता.

"सांगितलं नाहीस घरी?"

"सांगितलं. आबा म्हणाले, कोण म्हणतो विका? मी तुमचं नाव घेतलं — नुसतं नाव! पण घेतलं असं, की चुलते हसत सुटले. पोरगा पोरीच्या नादी लागलाय म्हणाले. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं, तर विकलं असतं त्यांनी."

अनुया शेवटची पायरी उतरली. "मला बोलवायचंस ना. मी कागद घेऊन आले असते..."

"तुमाला सांगायचं होतं ते येगळंच होतं."

"मग सांग."

"तुमी मला आवडता. लय."

"मलाही तू," ती म्हणाली. किती सोपं होतं ते!

तो क्षणभर उजळला, मग पुन्हा विझला. "तुमी चुकल्या असता तर विसरले असते घरचे. बरोबर ठरलात ना... आबांना तुमचं तोंडसुद्धा बघवणार नाय. आणि त्यांना आता मी टाकू शकत नाय. उद्यापासून ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून चाललोय."

"मी थांबू तुझ्यासाठी?"

ट्रकचा एक लांबलचक हॉर्न वाजून गेला.

"थांबू नका," तो म्हणाला. स्वतः मात्र जागचा हलला नाही. शेवटी अनुयाच वळली, आणि जिना चढून वर गेली.